जिलेबी खाल्ल्याचं स्वादुपिंडाला कसं कळतं?

जिलेबी पोटात गेली की काही मिनिटांतच रक्तात इन्सुलिन उतरू लागतं. स्वादुपिंडाला ना जीभ ना डोळे. मग साखर वाढल्याची वर्दी देतं कोण? कॅल्शियम. हाडांतलं, दुधातलं तेच.

इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींच्या बाहेर मोकळ्या कॅल्शियमचं प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असतं. धरणात पाणी अडवावं तसं पेशी ते बाहेर अडवते आणि आत झिरपलेलं सतत उपसत राहते. ऊर्जेची उधळपट्टीच ही! पण त्यामुळेच वाट किंचित उघडली तरी लोंढा आत येतो आणि तो लोंढा हाच निरोप.

वाट उघडते ती मात्र वळसा घेऊन. ग्लुकोज पेशीत शिरतं, जळतं, त्यातून एटीपी हा ऊर्जावाहक रेणू तयार होतो. एटीपी वाढलं की पोटॅशियम बाहेर सोडणारी छिद्रं मिटतात. त्यामुळे पेशीच्या पटलावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला चिकटून बाहेर रित्या होतात. थोडक्यात, पेशी साखर चाखत नाही, जाळून पाहते.

ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची जुनी गोळी नेमकी ही पोटॅशियमची छिद्रं मिटवते. २००४मध्ये उलगडलं, की जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह जडलेल्या काही बाळांमध्ये जनुकीय दोषामुळे हीच छिद्रं नीट मिटत नाहीत. अशा बहुतेक मुलांची इन्सुलिनची इंजेक्शनं पुढे या गोळ्यांमुळे सुटली.