‘बर्लिंग’ : एका खेळाची व एका शब्दाची कुळकथा

अमेरिकेतील लाकूडतोड्यांच्या खेळांत ‘बर्लिंग’ नावाचा एक नवलाचा खेळ आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या एकाच ओंडक्यावर दोन खेळाडू उभे राहतात आणि पायांनी तो गरगर फिरवू लागतात. एकजण वेग वाढवितो, दुसरा एकाएकी तो थोपवितो, क्वचित् उलटाही फिरवितो. प्रतिस्पर्ध्यास हात लावावयाचा नाही. ज्याचा तोल प्रथम जाईल तो पाण्यात पडतो व हरतो.

हा शब्द मूळचा स्कॉटलंडचा. तेथील बोलीत ‘बर्ल’ म्हणजे भरभर फिरणे वा फिरविणे. बॅगपाइप वाजविणारे बोटाच्या झटक्याने सुरांची जी झटपट गिरकी घेतात, तिलाही ‘बर्ल’ हेच नाव आहे. फिरणाऱ्या वस्तूच्या आवाजावरूनच हा शब्द घडला असावा, असे कोशकार मानतात. आपले ‘भिरभिर’ व ‘गरगर’ हे शब्द तरी दुसरे काय आहेत? दोन्ही भाषांची सोयरीक आम्हांस जुळवावयाची नाही. कान मात्र सर्व माणसांचे सारखेच.

हाच शब्द पुढे अमेरिकेच्या अरण्यांत गेला, आणि तेथे त्याला खेळाआधी कष्टाचा अर्थ लाभला. मेन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा ह्या प्रांतांत हिवाळाभर झाडे तोडून ओंडके बर्फावरून नदीकाठी ओढून आणीत. वसंतात बर्फ वितळून नद्या फुगल्या, म्हणजे ते प्रवाहात सोडून लाकूडगिरण्यांपर्यंत वाहून नेत. त्यांच्याबरोबर, तळाला अणकुचीदार खिळे ठोकलेले जोडे घालून, माणसेही ओंडक्यांवरूनच चालत. वाटेत ओंडके अडून त्यांचा डोंगर साचे. तो फोडावयास पुढे जावे लागे. १८५८ च्या सुमारास मेनमधील जोसेफ पीव्ही नावाच्या लोहाराने ह्या कामासाठी लोखंडी आकड्याचा दांडा बनविला. त्यास आजही त्याचेच नाव आहे. परंतु पायाखालचा ओंडका फिरू लागला, की दांड्यापेक्षा पायच कामी येत. ज्याला ओंडका ‘बर्ल’ करता येई तो तरे. ज्याला येत नसे तो दोन ओंडक्यांच्या मध्ये सापडे. अशा कित्येकांस नदीकाठीच पुरले, आणि त्यांचे जोडे जवळच्या झाडाला टांगले.

ह्या मजुरांत फ्रेंच-कॅनेडियन व आयरिश पुष्कळ, म्हणजे कॅथलिकही पुष्कळ. १८८८ साली मिनेसोटातील डुलुथ येथे बेनेडिक्टाइन धर्मभगिनींनी सेंट मेरीज रुग्णालय उघडले. ह्या भगिनी थंडीवाऱ्यात जंगलातील तळांवर जाऊन मजुरांना रुग्णालयाची तिकिटे विकीत. अल्प रकमेचे तिकीट जवळ असले, की जखमी वा आजारी मजुरास तेथे उपचार मिळत. आजच्या विम्याचाच हा साधा प्रकार होय. त्यांपैकी सिस्टर अमाता ह्यांचे नाव त्या भागात विशेष प्रसिद्ध आहे.

सुटीच्या वेळी मजुरांनी आपापसांत पैजा लावल्या, आणि कामाचा खेळ झाला. १८९८ साली नेब्रास्कातील ओमाहा येथील प्रदर्शनात त्याची मोठी स्पर्धा झाली. १९६० पासून विस्कॉन्सिनमधील हेवर्ड गावी लाकूडतोड्यांच्या जागतिक स्पर्धा भरू लागल्या. अशा सामन्यांना ‘रोलिओ’ असेही म्हणतात. ‘रोल’ म्हणजे लोळणे व ‘रोडिओ’ म्हणजे गुराख्यांचे खेळ, ह्यांची ही जोडणी. शब्द गमतीचा खरा, पण जुन्या ‘बर्लिंग’ची सर त्याला नाही.

मेनमधील केनेबेक नदीवरून ओंडके वाहून नेण्याचे काम १९७६ साली थांबले. आता ओंडक्यावर गालिचा चढवून लहान मुलामुलींनाही तो फिरविण्यास शिकवितात, तेही अनवाणी.