लग्नाची जुनी डीव्हीडी कपाटात आहे? एडिटिंगसाठी त्यातला व्हिडिओ असा काढा

पनवेल-उरण पट्ट्याचा चेहरामोहरा गेल्या काही वर्षांत पार बदलला आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि लोकल उरणपर्यंत पोहोचली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या विमानतळासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे यांसह पनवेल तालुक्यातील १० गावे उठली. जुने अंगण, दारातला मांडव, हळदीच्या रात्री धवला गाणाऱ्या धवलारणीचा आवाज हे सगळे अनेक घरांत आता फक्त लग्नाच्या डीव्हीडीत उरले आहे. मोरा बंदरापासून पनवेलपर्यंत अशी डीव्हीडी बहुतेक घरांत सापडेल. अडचण अशी की नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो आणि डिस्कही कायम टिकत नाही.

घाई का करायची?

घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरावर लिहिलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांमुळे हा थर खराब होतो. वर चिकटवलेले कागदी स्टिकरही घातक ठरते. डिस्क मध्येच अडकत असेल, तर आधी तिची कॉपी करून घ्यावी.

काय लागेल?

यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह आणि संगणकात पुरेशी जागा. एका साध्या डिस्कमध्ये ४.७ जीबी मावतात. म्हणजे १० डिस्कसाठी ५० जीबीच्या आसपास जागा धरा.

पायरी १ : आधी जशीच्या तशी कॉपी

डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. डिस्क उघडल्यावर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे फोल्डर दिसते. ते संपूर्ण हार्ड डिस्कवर कॉपी करा. दुकानातून घेतलेल्या सिनेमांच्या डिस्कला कुलूप असते, घरगुती डिस्कला सहसा नसते. त्यामुळे साधे कॉपी-पेस्ट चालते.

कॉपी मध्येच थांबली, तर दुसऱ्या ड्राइव्हवर करून पाहा. एक ड्राइव्ह वाचू न शकलेली डिस्क दुसरा अनेकदा वाचतो.

पायरी २ : तुकडे जोडा

फोल्डरमधल्या ‘व्हीओबी’ फाइलींमध्ये खरे चित्रीकरण असते. प्रत्येक फाइल जास्तीत जास्त १ जीबीची असल्याने सलग कार्यक्रमाचे चार-पाच तुकडे पडलेले दिसतात. हे तुकडे थेट एडिटिंगमध्ये टाकले, तर सांध्यावर काही फ्रेम गळतात किंवा आवाज मागेपुढे होतो. ऐन मंगलाष्टकांच्या मध्येच असा सांधा आला, तर तो जाणवतोच.

यासाठी ‘मेकएमकेव्ही’ वापरा. डीव्हीडीसाठी ते मोफत आहे. ते तुकडे जोडून एकच फाइल देते आणि दर्जा अजिबात घटत नाही. मात्र ठरावीक लांबीपेक्षा छोटे भाग ते आपोआप वगळते. छोट्या क्लिप हव्या असतील, तर सेटिंगमध्ये किमान लांबी कमी करा.

पायरी ३ : एडिटिंग

‘शॉटकट’ आणि ‘केडेनलाइव्ह’ ही मोफत सॉफ्टवेअर ही फाइल थेट घेतात. एखादे सॉफ्टवेअर घेत नसेल, तर ‘हँडब्रेक’मधून एमपी४ करून घ्या. गुणवत्तेचा आकडा १८ ते २० ठेवा. आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी.

दोन चुका नेहमी होतात

पहिली चूक रेघांची. त्या काळचे कॅमेरे सेकंदाला ५० अर्ध्या प्रतिमा टिपत. संगणकावर त्या एकत्र दिसल्या, की नाचणाऱ्यांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात. उपाय म्हणजे ‘डीइंटरलेस’. त्यात ‘बॉब’ हा पर्याय निवडून फ्रेमरेट ५० ठेवला, तर वरातीतल्या नाचाची लय जशीच्या तशी राहते.

दुसरी चूक आकाराची. भारतातील डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचे असते, पण हे पिक्सेल चौकोनी नसतात. जुना ४:३ व्हिडिओ १६:९ मध्ये ताणला, की नवरा-नवरी रुंद दिसतात. प्रोजेक्ट ४:३ मध्येच ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तरी चालेल.

डिस्क रिकामी दिसते?

काही हँडीकॅम ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कवर रेकॉर्ड करत. अशी डिस्क ‘फायनलाइज’ केलेली नसेल, तर ती संगणकाला रिकामी वाटते. ती फेकू नका आणि फॉरमॅट तर मुळीच करू नका. ज्या कॅमेऱ्यावर रेकॉर्ड केले, त्याच कॅमेऱ्यातून ती फायनलाइज करावी. छोटी डिस्क नुसत्या फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नये, ती अडकते. ट्रे बाहेर येणारा ड्राइव्ह घ्यावा.

व्हिडिओ एचडी होईल का?

नाही. डिस्कमध्ये जेवढे तपशील आहेत, तेवढेच मिळतात. मात्र लग्नाचे शूटिंग करणाऱ्याकडे मूळ मिनीडीव्ही टेप असेल, तर जरूर मागा. टेपवर तासाला सुमारे १३ जीबी माहिती असते, तर डीव्हीडीत दोन तासांचा कार्यक्रम ४.७ जीबीत दाबून बसवलेला असतो.

शेवटचे काम

एडिट झाल्यावरही मूळ ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर पुसू नका. दोन कॉपी ठेवा, एक घरी आणि एक नातेवाइकांकडे. फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि प्रसंग लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या क्लिपला कॉपी समजू नका, तिथे दर्जा घटतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसून व्हिडिओ एकदा पाहा. मांडवातली माणसे कोण आणि मागे दिसणारे घर कोणाचे, हे सांगणारे आज घरात आहेत, तोवर नावे लिहून घ्या.