टाइल्सवरचा पांढरा थर म्हणजे मळ नव्हे

मे महिन्यात बंगल्यातल्या किंवा फार्महाऊसवरच्या पोहण्याच्या तलावाकडे जरा वाकून पाहा. पाणी जिथं टाइल्सना टेकतं तिथं चार बोटं रुंद पांढुरका पट्टा दिसतो. नख फिरवलं तर खरखर लागते. घासणीनं तो निघत नाही, आणि मालक म्हणतात, "माळी नीट घासत नाही." माळ्याचा यात काही दोष नाही. गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर बसतं तेच हे कॅल्शियम कार्बोनेट. खात्री करायची तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे फुटले की ओळख पटली. क्वचित करड्या रंगाचा, फार टणक थर असतो आणि त्यावर बुडबुडे येत नाहीत. तो कॅल्शियम सिलिकेटचा, आणि तो काढणं फार जिकिरीचं असतं.

"आम्ही तर रोज ताजं पाणी सोडतो, मग क्षार साचतील कसे?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो. क्षार साचतात ते त्या ताज्या पाण्यामुळेच. उन्हानं उडून जातं ते फक्त पाणी, कॅल्शियम मागे राहतं. हिशोब करून पाहू. तलाव 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद. दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उडालं तर रोज 160 लिटर भर घालावी लागते. बोअरच्या पाण्यात लिटरमागे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम कठीणता असेल, तर महिन्याला जवळजवळ 2 किलो क्षार तलावात जातात. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पावणेआठ किलो!

पण क्षार पाण्यात असणं वेगळं आणि टाइल्सवर बसणं वेगळं. ते कधी बसतील हे ठरतं पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, आणि त्याच्या जोडीला अल्कलिनिटीवर, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेवर, व तापमानावर. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. म्हणून हीटरची कॉइल आणि उन्हात तापलेला काठ आधी पांढरा होतो. हे सगळे घटक एकत्र धरून पाणी थर बसवेल की थर खाईल हे सांगणारा निर्देशांक विल्फ्रेड लँगेलिअर यांनी 1936 साली मांडला, आणि तलावांसाठी आजही तो वापरतात. घरच्या माणसानं तीन आकडे सांभाळले तरी पुरे: पीएच 7.2 ते 7.8, अल्कलिनिटी 80 ते 120, कॅल्शियम कठीणता 200 ते 400 मिलिग्रॅम. यातला पीएच सगळ्यात चंचल. कारंजं किंवा धबधबा दिवसभर चालू ठेवला तर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. आठवड्यातून दोनदा तपासा.

"थर दिसला, पावडर वाढवा." असं केलं तर थर वाढतोच. टीसीएल पावडर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट या दोन्हींत कॅल्शियमच असतं. पाणी जड असेल तर सोडियम हायपोक्लोराइट वापरा, त्यात कॅल्शियम नसतं. तुरटीचाही इथं उपयोग नाही. ती गढूळपणा खाली बसवते, विरघळलेलं कॅल्शियम काढत नाही. मिठाच्या तलावालाही सूट नाही, त्याच्या क्लोरिनेटरच्या पट्ट्यांवर हाच थर बसतो.

याच्या उलट टोकाला जाऊन कॅल्शियम पार काढून टाकू नका. कॅल्शियमला भुकेलं पाणी प्लास्टर आणि टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राउट खातं. पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामाही करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असलं तर खालच्या दाबानं रिकामी टाकी उचलली जाते, तडकते.

बसलेला थर काढताना घाई नको. सिरॅमिक टाइल असेल तर आधी कोपऱ्यात करून पाहा, मग पाय घासायच्या वज्रीसारखा प्युमिस दगड ओला ठेवून हलक्या हातानं फिरवा. फायबरग्लास, विनाइल किंवा काचेच्या टाइल्सवर तो चालवू नका. अ‍ॅसिड लावायचंच तर हातमोजे आणि चष्मा घाला, अ‍ॅसिड पाण्यात ओता, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीही नाही. आणि अ‍ॅसिडचा डबा क्लोरिनच्या पावडरीजवळ ठेवूसुद्धा नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरिन वायू निघतो. उघड्या हातांनी, तोंडाला फडकं बांधून हे काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. मजुराला साधनं देणं ही मालकाची जबाबदारी आहे.

या उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याची कठीणता एकदा तपासून घ्या. पावसाळा लागला की तलावाची पातळी वीतभर कमी करा, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या आणि नंतरचं गच्चीचं पाणी गाळून तलावात घ्या. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच.