सतरा इंचांचा सौदा

‘कॅटलिना ३०’ ही कॅलिफोर्नियातल्या कारखान्याची शिडाची होडी. १९७० च्या दशकात ती बाजारात आली आणि पुढे सहा हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी आजही जुन्या होड्यांच्या बाजारात हात बदलत असतात. धक्क्याला दोन कॅटलिना शेजारी बांधलेल्या असतील, तर नवख्याला काही फरक दिसायचा नाही. तीच लांबी, तीच केबिन, तशीच डोलकाठी. पाण्याखाली मात्र एकीचा तळ सव्वापाच फुटांवर असतो आणि दुसरीचा तीन फूट दहा इंचांवर. रात्री कुठल्या खाडीत नांगर टाकता येईल आणि वाऱ्याच्या तोंडावर किती वाट कापता येईल, हे या सतरा इंचांवर ठरतं.

होडीच्या तळाखाली उतरलेलं वजनदार पातं म्हणजे कील. पाण्याच्या पातळीपासून कीलच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे ड्राफ्ट. कीलची कामं दोन. शिडावर बाजूने आदळणारा वारा होडीला आडवी ढकलू पाहतो, तिला अडवणं हे पहिलं. होडी पुढे जाताना किंचित तिरकी सरकते, त्यामुळे पाणी कीलवर काही अंशांच्या कोनात येतं आणि विमानाच्या पंखावर निर्माण होतो तसाच जोर कीलवर वाऱ्याच्या उलट दिशेने निर्माण होतो. या जोराबरोबर कीलच्या एका बाजूला दाब वाढतो, दुसरीकडे कमी होतो आणि पाणी खालच्या टोकाला वळसा घालून भोवरे करत निसटतं. त्यात ऊर्जा वाया जाते. कील जितका खोल आणि अरुंद, तितकी ही गळती कमी.

दुसरं काम तोल सावरण्याचं. कॅटलिना ३० चं वजन साधारण साडेचार टन. त्यातले जवळपास दोन टन कीलमध्ये असतात. हे वजन जितकं खाली, तितका कललेल्या होडीला सरळ करणारा जोर जास्त. कील आखूड केला की हा फायदा घटतो आणि तो भरून काढायला वजन वाढवावं लागतं. या दोन्ही कारणांनी उथळ कीलची होडी वाऱ्याच्या तोंडावर जास्त घसरते आणि तेच ठिकाण गाठायला तिला जास्त वळणं घ्यावी लागतात.

मग ती घेतं कोण? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची चेसापीक खाडी पाहिली की उत्तर मिळतं. ही खाडी सुमारे ३२० किलोमीटर लांब, पण तिची सरासरी खोली जेमतेम २१ फूट. सहा फूट उंचीचा माणूस जिथे डोकं पाण्याबाहेर ठेवून चालू शकेल, असं तिचं क्षेत्र सात लाख एकरांहून जास्त आहे. इथल्या निवांत, वारा न लागणाऱ्या जागा उथळ ओहोळांतच असतात. तिथे सव्वापाच फुटांच्या होडीला आत शिरता येत नाही, तीन फूट दहा इंचांची आरामात जाते.

या अडचणीवर आरेखकांनी नाना तोडगे काढले. ‘पिअर्सन ३५’ मध्ये आखूड कीलच्या पोटातून एक फळी खाली सोडता येते. फळी वर असताना ड्राफ्ट पावणेचार फूट, खाली सोडली की दहा फूट. याच जातीच्या ‘फिनिस्टेर’ने १९५६, १९५८ आणि १९६० अशी सलग तीन वेळा बर्म्युडा शर्यत जिंकली आणि उथळ होडी मंदच असते हा समज मोडला. ब्रिटनमध्ये ‘वेस्टर्ली सेंटॉर’ला दोन कील दिले गेले. ड्राफ्ट फक्त तीन फूट आणि ओहोटीला चिखलावर होडी कुठल्याही आधाराशिवाय सरळ उभी. १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया टू’ने पंखवाल्या कीलच्या जोरावर अमेरिका चषक जिंकून अमेरिकेची १३२ वर्षांची मक्तेदारी संपवली. त्यानंतर फिरस्तीच्या होड्यांनाही तसे पंख लागले.

दुसरं टोक मुंबईत सापडतं. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ इथेच सागवानात बांधली गेली आणि १९६४ मध्ये पाण्यात उतरली. बत्तीस फुटांची, लांबलचक कीलची ही होडी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्या माणसाला घेऊन जगाला वळसा घालून आली. दक्षिण महासागरात उथळपणाचा काही उपयोग नव्हता. तिथे सरळ रेषेत टिकून राहणं जास्त मोलाचं होतं.

जुनी होडी घेणाऱ्याने एक गोष्ट गाठीला बांधावी: माहितीपत्रकातला ड्राफ्ट हा रिकाम्या, नव्या होडीचा असतो. तीस फुटी होडीत साडेतीनशे-चारशे किलो भार चढला की ती साधारण इंचभर खाली जाते. साखळी, बॅटऱ्या, पाण्याच्या टाक्या, सुटे भाग असं साठत जातं आणि चाळीस वर्षांत दोन-तीन इंच सहज गायब होतात. गोड पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं असल्याने नदीच्या वरच्या अंगाला आणखी थोडी भर पडते. होडी कलल्यावरचं गणित तर कीलनुसार बदलतं. साधा कील वीस अंश कलला की ड्राफ्ट तीन-चार इंचांनी घटतो, म्हणून रुतलेल्या होडीतली माणसं बूमला (शिडाच्या खालच्या आडव्या काठीला) लोंबकळून तिला मुद्दाम कलवतात. पंखवाल्या कीलवर ही युक्ती उलटते. कलताच एक पंख खाली जातो आणि चिखलात आणखी घुसतो.

उथळ पाण्यात शिरताना साधारणतः शीडही उतरवायचं असतं. नेमकी तेव्हाच नजर खोलीमापकावर हवी आणि हात सुकाणूवर. जुन्या होड्यांवर बहुधा दोनच माणसं असतात. दीड-दोनशे चौरस फुटांचं मुख्य शीड सुटून डेकवर पसरलं, तर पुढचं काही दिसत नाही आणि एक माणूस ते आवरण्यातच अडकतो. यावरचा उपाय म्हणजे लेझी जॅक. डोलकाठीच्या वरच्या भागातून बूमच्या दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या आणि खाली फाटे फुटणाऱ्या या दोऱ्यांच्या झोळीत शीड आपोआप घड्या घालत बसतं.

ही युक्ती चेसापीकचीच जुनी सोबतीण. कालवं काढणाऱ्या इथल्या ‘स्किपजॅक’ होड्यांना उथळ तळ, खाली सोडता येणारी फळी आणि लेझी जॅक, तिन्ही असत. मेरीलँडच्या कायद्याने कालवांची खरड शिडावरच करावी लागे. १९६७ नंतर आठवड्यातले दोन दिवस मोटरबोटीने ढकलायची मुभा मिळाली. प्रचंड शीड आणि मोजके खलाशी हे गणित तिथे रोजचंच होतं.

जुन्या होडीवर लेझी जॅक बसवताना आधी बूम पाहावी लागते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या काही होड्यांत वारा वाढला की बूम गरागरा फिरवून शीड तिच्याभोवती गुंडाळत. अशा बूमला दोऱ्या बांधताच येत नाहीत. आधी शीड घडी घालून आखडण्याची सोय करावी लागते. मग डोलकाठीवर साधारण दोन-तृतीयांश उंचीवर दोन छोट्या कप्प्या, पाच-सहा मिलिमीटरची विणलेली पॉलिएस्टर दोरी आणि बूमच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी दोन-तीन कड्या. भोकं पाडण्यापूर्वी साध्या सुतळीने जागा ठरवून पाहिलेली बरी. ॲल्युमिनियमच्या काठीत स्टीलचा स्क्रू थेट बसवला, तर खाऱ्या पाण्यामुळे दोन धातूंत वीजप्रवाह चालू होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून मध्ये विद्युतरोधक लेप हवा. दोऱ्यांची खालची टोकं सैल करून सगळ्या पुढे डोलकाठीशी ओढून घेता आल्या पाहिजेत. नाहीतर शीड चढवताना त्यातल्या पट्ट्यांची टोकं दोरीत अडकतात. शीड उतरवताना होडीचं नाक वाऱ्यात ठेवावं आणि तेव्हाच दोऱ्या ताणाव्यात. बूमचं वजन मात्र त्यांच्यावर टाकू नये.

अमेरिकी नकाशांवरची खोली रोजच्या सर्वांत खालच्या ओहोटीच्या सरासरी पातळीपासून मोजलेली असते. हिवाळ्यात वायव्येचा जोरकस वारा चेसापीकचं पाणी बाहेर ढकलतो आणि पातळी त्याहीखाली जाते. तेव्हा जुनी होडी घेतलीत, तर ती सामानासकट भरून ड्राफ्ट स्वतः मोजा. खोलीमापकाचा संवेदक होडीच्या तळाला असतो, कीलच्या टोकाला नाही. तेवढं अंतर त्यात भरून घ्या आणि मगच खाडीत शिरा.