तंबूखालचे गोडे पाणी

वसईच्या पश्चिमेला भुईगाव नावाचे गाव आहे. केळीच्या आणि फुलांच्या वाड्या मागे पडल्या की सुरूची झाडे लागतात आणि सुरूंच्या पलीकडे अरबी समुद्र. सुट्टीच्या दिवशी मुंबईकडची कुटुंबे डबे आणि सतरंज्या घेऊन या सावलीत येतात. अशा जागी रात्री तंबूत राहावे, असे तुम्हांलाही वाटले असेल. उत्तर अमेरिकेत या मुक्कामाचे फार वेड आहे. पाइनच्या अरण्यात, तळ्याच्या काठी, लोक तंबू ठोकतात, नाहीतर स्वयंपाकघर आणि बिछाने असलेली मोटारच घेऊन येतात. या चाकांवरच्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले.

तुम्ही म्हणाल, भुईगावात पाइन कोठे आणि तळे तरी कोठे?

पाइनसारखे दिसणारे झाड तर समोरच उभे आहे. पण सुरू हा पाइन नव्हे, त्याचा नातलगही नव्हे. त्याची एक हिरवी 'सुई' हातात घ्या आणि दोन्ही टोकांना धरून हळूच ओढा. ती ठरावीक ठिकाणी, सांध्यावर तुटेल. भिंगातून पाहिलेत तर त्या सांध्याभोवती बारीक दातांचे कडे दिसेल. ते दात म्हणजेच सुरूची पाने! आपण जिला सुई म्हणतो ती वास्तविक डहाळी आहे. पाने इतकी लहान असल्यामुळे खाऱ्या वाऱ्यातही झाडाचे पाणी फारसे उडून जात नाही. पाइनची सुई मात्र खरेच पान असते. सुरू आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी लावला जाऊ लागला. नापीक वाळूत तो वाढू शकतो, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव राहतात आणि हवेतला नायट्रोजन त्याला पुरवतात.

आता तळे. वसईच्या वाड्यांमध्ये 'बावखल' नावाचे लहान तळे असते. जमीन खणून केलेला हा मोठा खड्डा. त्यात पावसाचे पाणी साठते आणि जमिनीतले पाणीही पाझरते. पूर्वी त्यावर रहाट बसवून केळी, पानवेली आणि फुलझाडे भिजवीत. समुद्र इतका जवळ असूनही बावखलातले पाणी गोडे! हे कसे?

पुष्कळजण चटकन उत्तर देतात की, वाळूतून गाळले गेल्याने मीठ निघून जाते. हे उत्तर चूक आहे. वाळूत गढूळपणा अडकतो. विरघळलेले मीठ अडकत नाही. खरे कारण आकाशातून येते. वसईच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला काही भाग वाळूत मुरतो. खाली समुद्राचे खारे पाणी आधीच शिरलेले असते. गोडे पाणी त्याहून हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. वाळूच्या कणांमधून पाणी अगदी संथपणे सरकत असल्यामुळे दोन्ही पाणी सहसा मिसळून जात नाहीत.

हे तरंगणे किती खोल असते, याचा हिशोब मोठा मजेदार आहे. एक लिटर गोड्या पाण्याचे वस्तुमान १००० ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ ग्रॅम. म्हणजे ४१ मीटर उंचीचा गोड्या पाण्याचा स्तंभ आणि ४० मीटर उंचीचा खाऱ्या पाण्याचा स्तंभ एकमेकांना तोलून धरतात. ४१ गुणिले १००० आणि ४० गुणिले १०२५, करून पाहा! तेव्हा जमिनीतले गोडे पाणी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर खाली ते ४० मीटरपर्यंत पोहोचू शकते. हॉलंडचा गायबेन आणि जर्मनीचा हर्ट्झबर्ग या दोघांनी १८८९ ते १९०१ या काळात हा नियम स्वतंत्रपणे मांडला. वसईच्या वाळूखाली काळा कातळ आहे, म्हणून तेथील थर पुस्तकातल्या चित्राइतका नीटस नसतो. पण तत्त्व तेच.

हाच हिशोब उलटा केला की काळजी वाटू लागते. उपशामुळे गोड्या पाण्याची पातळी केवळ १० सेंटीमीटर खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४ मीटर वर चढेल. रहाट पाणी घेई ते वरवरचे आणि बेताने. विजेचा पंप पाणी खोलातून आणि वेगाने ओढतो, त्यामुळे नेमके त्याच्याखाली खारे पाणी शंकूसारखे वर उचलले जाते. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागू शकतात. वसईच्या विहिरींतले पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध चळवळ केली, ती यामुळेच. बावखले बुजवण्यानेही हेच नुकसान होते, कारण पाणी मुरण्याची जागाच नाहीशी होते.

आता तंबूकडे वळू या. गावकऱ्यांना विचारल्यावाचून आणि परवानगीवाचून तो ठोकू नये, हे तर झालेच. जागा निवडताना वाळूवर सुक्या शेवाळाची आणि काटक्यांची रेघ शोधा. मागची भरती तेथवर आली होती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ती याहूनही वर येते. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा एक ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. सुरूखाली वाळक्या डहाळ्यांची जी मऊ गादी असते, तिच्यावर चूल मात्र पेटवू नका. ती कापरासारखी पेट घेते.

भांडी कोठे घासायची? वाळूत ओतलेले साबणाचे पाणी क्षणात दिसेनासे होते आणि आपल्याला वाटते, झाले स्वच्छ. परंतु ते थेट त्या तरंगत्या गोड्या पाण्याकडे निघालेले असते. तळ्याकाठी मुक्काम करणारे धुणे, भांडी आणि शौच पाण्यापासून निदान ६० मीटर दूर ठेवतात. कॅराव्हॅनला सांडपाण्याची वेगळी टाकी असते आणि ती ठरलेल्या जागीच रिकामी करायची असते. भुईगावसारख्या ठिकाणी तर पाणी पायांखालीच आहे! तेव्हा खरकटे पाणी डब्यात भरून घरी नेणे उत्तम. दिसायला विचित्र दिसेल, दिसू दे.

हे सारे पेल्यात पाहता येते. एका उंच काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यात मीठ विरघळवा. एक लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, हे प्रमाण. साध्या पिण्याच्या पाण्यात बिटाचा तुकडा बुडवून ते लाल करा. आता चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवरून लाल पाणी अगदी हळू सोडा. ते वर तरंगेल. सरबताची नळी लाल पाण्यात जेमतेम बुडवून एक घोट घ्या. मग नळी लाल थराच्या तळाशी नेऊन जोराने ओढा आणि चव कशी लागते ते पाहा.