पदवीनंतर अमेरिकेत डॉक्टर होताना: पोस्ट-बॅकविषयीचे गैरसमज

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण बारावीनंतर नव्हे, पदवीनंतर सुरू होतं. आधी चार वर्षांची बॅचलर्स, मग चार वर्षांची एम.डी., मग विषयानुसार तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. त्यामुळे संगणकशास्त्र किंवा अर्थशास्त्रात पदवी घेऊन नोकरीत रुळलेल्या मुलीला पंचविशीत डॉक्टर व्हावंसं वाटलं, तरी वेळ गेलेली नसते. राहिलेले शास्त्रविषय तिला पदवीनंतर पूर्ण करता येतात. या टप्प्याला तिथे 'पोस्ट-बॅक' म्हणतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत याची चर्चा होते, पण तीत ऐकीव माहिती फार. त्यापायी तरुण मुलांची वर्षंही जातात आणि पैसेही, म्हणून एकेक समज तपासून पाहू.

सर्वांत जुना समज असा, की पुन्हा जीवशास्त्राची पदवीच घ्यावी लागते. तसं नाही. वैद्यकीय महाविद्यालयं पदवीचा विषय ठरवून देत नाहीत, ठरावीक विषय झालेले असावेत एवढंच पाहतात. बहुतेक ठिकाणी जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचं प्रत्येकी साधारण एक वर्ष, तेही प्रयोगशाळेसह लागतं. बायोकेमिस्ट्रीची एक सेमिस्टर आता अनेक महाविद्यालयं मागतात. संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र कुठे सक्तीचं, कुठे नुसती शिफारस. स्टॅनफर्डसारखी काही महाविद्यालयं तर विषयांची सक्तीच करत नाहीत. मानव्यविद्यांचे पदवीधर अर्ज कमी करतात, पण त्यांच्या निवडीचं प्रमाण जीवशास्त्रवाल्यांपेक्षा कमी नसतं.

पदवीची ही अटही मुळात फार जुनी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्याकडे कोणतीच पदवी नव्हती आणि कुणी ती मागितलीही नाही. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचं वैद्यकीय महाविद्यालय उघडलं, त्याने आधी पदवी हवी असा दंडक घातला. पुढे १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने किमान दोन वर्षांच्या महाविद्यालयीन शास्त्रशिक्षणाचा आग्रह धरला आणि आजच्या अटींचा पाया पडला.

आता पैशांशी थेट संबंध असलेला समज: नामांकित पोस्ट-बॅक कार्यक्रमाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. कोलंबिया विद्यापीठाचा कार्यक्रम १९५५ पासून चालू आहे. ब्रिन मॉर, गाउचर यांचीही नावं मोठी आहेत. तिथे मार्गदर्शक भेटतात, शिफारशीचं एकत्रित पत्र मिळतं, सोबत त्याच वाटेवरची मुलं असतात. हे फायदे खरेच आहेत. पण पोस्ट-बॅक ही पदवी नव्हे, आणि प्रमाणपत्राची अट कुठलंही वैद्यकीय महाविद्यालय घालत नाही. जवळच्या सरकारी विद्यापीठात पदवी अभ्यासक्रमाबाहेरचे (नॉन-डिग्री) विद्यार्थी म्हणून नाव घालून तेच विषय घेतले, तर गुणपत्रिकेवर ते तितकेच मोजले जातात. कम्युनिटी कॉलेजचे विषयही बरीच महाविद्यालयं स्वीकारतात. मात्र काही त्यांना कमी लेखतात, काही ऑनलाइन प्रयोगशाळा मानत नाहीत. म्हणून आधी चौकशी करावी. माझं स्पष्ट मत असं, की ज्याला शिस्तीने एकट्याने अभ्यास करता येतो आणि ज्याच्या घराजवळ चांगलं सरकारी विद्यापीठ आहे, त्याने नावासाठी हजारो डॉलर मोजू नयेत. पुढे एम.डी.चा खर्च उभाच आहे. पूर्वतयारीच्या विषयांसाठी सरकारी विद्यार्थी कर्ज साधारणपणे सलग १२ महिन्यांपुरतंच मिळतं. त्यात २०२५ च्या कायद्याने जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी 'ग्रॅड प्लस' कर्ज बंद केलं आणि वैद्यकीयसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख डॉलरांची मर्यादा घातली. आज वाचवलेला डॉलर पुढे लागणारच आहे.

'लिंकेज' या शब्दाभोवतीही भ्रम आहे. काही पोस्ट-बॅक कार्यक्रमांचा विशिष्ट वैद्यकीय महाविद्यालयांशी करार असतो. निवड झाली तर अर्जापायी जाणारं मधलं रिकामं वर्ष वाचतं. तो हमखास प्रवेश नव्हे. ठरलेले गुण मिळवावे लागतात, आणि बहुधा तिथेच जाण्याची बांधिलकीही पत्करावी लागते.

गुण कमी पडले म्हणून पोस्ट-बॅककडे वळणाऱ्यांचा सर्वांत मोठा भ्रम सरासरीचा. त्यांना वाटतं, तोच विषय पुन्हा दिला की जुना 'सी' पुसला जातो. बहुतेक एम.डी. महाविद्यालयांसाठीचे अर्ज 'ॲमकॅस' या सामाईक व्यवस्थेतून जातात, आणि तिथे प्रत्येक प्रयत्न मोजला जातो. डी.ओ. (ऑस्टिओपॅथी) महाविद्यालयांच्या अर्जव्यवस्थेत जुन्या ग्रेडच्या जागी नवी ग्रेड धरत, तीही सवलत २०१७ मध्ये संपली. हिशोब करून पाहा. १२० क्रेडिटवर सरासरी (जीपीए) २.९ असेल आणि नंतर ३२ क्रेडिटमध्ये सगळीकडे 'ए' मिळवला, तरी एकत्रित आकडा ३.१३ च होतो. मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण ॲमकॅसच्या तक्त्यात पोस्ट-बॅकचे गुण वेगळ्या ओळीत दिसतात. अवघड शास्त्रविषयांत सलग दोन वर्षं ४.० टिकवलेला विद्यार्थी त्या ओळीत समितीला लगेच दिसतो, आणि अनेक समित्या या सुधारणेला खरोखर किंमत देतात. उलट, एम.एस. केलं की जीपीए सुधारेल, हा समज चुकीचा. पदव्युत्तर गुणांची ओळ स्वतंत्र असते, बॅचलर्सच्या सरासरीत ते मिसळत नाहीत.

वेळेचा अंदाजही नेहमी चुकतो. 'वर्षभरात उरकेल' म्हणणाऱ्यांनी विषयांचा क्रम पाहावा: सामान्य रसायनशास्त्र झाल्याशिवाय सेंद्रिय घेता येत नाही, आणि बायोकेमिस्ट्री त्याच्याही पुढे. काही कार्यक्रम उन्हाळ्यापासून सुरू करून वर्षभरात हे बसवतात, पण एरवी दोन वर्षं धरावीत. मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा: साडेसात तासांचा दिवस, ४७२ ते ५२८ गुण, आयुष्यात जास्तीत जास्त सात प्रयत्न. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र २०१५ पासून त्यात आले. अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी मे-जूनमध्ये करायचा असतो, म्हणून आणखी एक वर्ष जातं. ते रुग्णालयात काम करण्यात, संशोधनात घालवता येतं. वयाची धास्ती मात्र सोडावी. पहिल्या वर्षाला बसणाऱ्यांचं सरासरी वय २४ च्या आसपास आहे आणि कमाल वयोमर्यादा नाही.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी थोडं स्पष्ट सांगायला हवं. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. घेऊन अमेरिकेत थेट एम.डी.ला अर्ज करता येईल, असं अनेकांना वाटतं. परदेशी गुण ॲमकॅसच्या जीपीएत धरलेच जात नाहीत. बहुतेक महाविद्यालयांना किमान वर्षभराचं, काहींना त्याहून जास्त शिक्षण अमेरिकी किंवा कॅनेडियन संस्थेतलं हवं असतं. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी महाविद्यालयं मोजकी. त्यांतली काही एक ते चार वर्षांची फी आगाऊ सुरक्षित ठेवायला लावतात, आणि सरकारी कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्डधारकाला परदेशी गणलं जाण्याची आणि कर्जाची अडचण नाही. पण एच-४ व्हिसावर तिथेच लहानाचं मोठं झालेलं मूल २१ वर्षांचं झालं की आई-वडिलांवर अवलंबून असलेला व्हिसा संपतो. ते विद्यार्थी व्हिसावर गेलं, की महाविद्यालयं त्याला बहुधा परदेशी विद्यार्थी म्हणूनच मोजतात. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या मराठी कुटुंबांनी ही गोष्ट मूल शाळेत असतानाच लक्षात घ्यावी. नंतर कळलं तर फार जिव्हारी लागतं.

भारतात एम.बी.बी.एस. झालेल्यांनी तर यात पडूच नये. त्यांना पोस्ट-बॅकही नको आणि एमकॅटही नको. त्यांची वाट वेगळी: यूएसएमएलईच्या परवाना परीक्षा, परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीचं ईसीएफएमजीचं प्रमाणन आणि मग रेसिडेन्सीची निवड.

भारतातच पदवीनंतर डॉक्टर व्हायचं असेल तर नियम निराळे. नीटची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढली. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांना तो विषय अतिरिक्त म्हणून देऊन नीटला बसायची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. बी.एस्सी. झालेल्यांना थेट एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. तशी तरतूद नाही.

अमेरिकेतल्या मुलामुलींना एवढीच विनंती: फी भरण्याआधी आपली गुणपत्रिका पुढ्यात घ्या, कोणते विषय झाले, कोणते राहिले आणि कशात गुण कमी आहेत ते लिहून काढा. अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या (एएएमसी) एमएसएआर या माहितीकोशात प्रत्येक महाविद्यालयाच्या अटी मिळतात, त्याची अल्प वर्गणी भरा. निवडलेल्या दहा-पंधरा ठिकाणी जुने विषय किती वर्षांपर्यंत ग्राह्य धरतात, कम्युनिटी कॉलेज चालतं का, हे ई-मेल करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.