काचेवरचा कॅमेरा आणि धुक्यातला माणूस

जुलैतला रविवार. लोणावळा बाजारातून निघालेली गाड्यांची रांग भुशी धरण मागे टाकून टायगर पॉइंटच्या चढाला लागते आणि बघता बघता धुके खाली उतरते. वायपर पूर्ण वेगात फिरत असतात. मागच्या सीटवर भजी की मक्याचे कणीस यावर चर्चा चालू असते. पुढच्या काचेवर, चालकाच्या डाव्या हाताला, रबरी चकतीच्या होल्डरमध्ये फोन आडवा बसवलेला असतो. त्याचे रेकॉर्डिंग सुरू असते, कारण संध्याकाळपर्यंत घाटातल्या पावसाचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवायचा असतो.

असे करणे कायद्याला चालते का, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. त्याच्याआधी विचारावा असा आणखी एक प्रश्न आहे. त्या फोनमागे नेमके काय झाकले जाते?

हा प्रयोग घरच्या खिडकीत दोन मिनिटांत होतो. लांबचा विजेचा खांब निवडा. एक पेन उभे धरून, हात लांब करून, ते खांबाच्या रेषेत आणा, पण नजर खांबावरच ठेवा. खांब दिसत राहतो. आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सव्वासहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यापेक्षा अरुंद वस्तू एका डोळ्याला जे दिसू देत नाही, ते दुसऱ्या डोळ्याला दिसते आणि मेंदू चित्र पुरे करतो. आता पेनाऐवजी फोन आडवा धरा. खांब गेलाच, शेजारचे झाडही गेले. फोनची लांबी साधारण १६ सेंटिमीटर, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या अडीचपट. इथे एक डोळा दुसऱ्याच्या मदतीला येऊ शकत नाही.

याचे गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांचे आहे. डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर, नजरेच्या उंचीला आडवा लावलेला फोन १५ मीटर अंतरावरची सुमारे अडीच मीटर रुंदीची जागा दोन्ही डोळ्यांपासून पूर्ण लपवतो. ३० मीटरवर हीच रुंदी जवळजवळ पाच मीटर होते. एवढ्या जागेत आडवी उभी असलेली छोटी मोटार मावते. दुचाकीवरचे जोडपे किंवा छत्रीखाली चाललेले चौघांचे कुटुंब तर सहज मावेल. तोच फोन उभा लावला तर ३० मीटरवर लपणारी रुंदी साठ-सत्तर सेंटिमीटर राहते. चार-पाच सेंटिमीटर रुंदीच्या छोट्या डॅशकॅममागे त्या अंतरावर दोन्ही डोळ्यांपासून लपलेले असे काहीच उरत नाही. म्हणजे काचेवर कॅमेरा असणे वाईट नाही. त्याची रुंदी किती आणि तो कुठे लावला, यावर सगळे ठरते.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे काचेच्या मध्यावर लावलेला फोन त्याच्या डाव्या नजरेत येतो. घाटातल्या डाव्या वळणावर पुढचा रस्ता नेमका तिथे असतो. रस्त्याची डावी कडही तिथेच असते, आणि मावळात त्या कडेने माणसे चालतात. पवनेच्या काठची गावे असोत की कार्ला-मळवलीचा रस्ता, आषाढात भातलावणीला निघालेल्या बाया, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेली शाळेची मुले आणि गुरे याच कडेला असतात. पाऊस बघायला आलेला माणूस संध्याकाळी घरी परततो. यांना मात्र चारही महिने त्याच रस्त्याने चालायचे असते.

पावसात आणखी एक पेच असतो. कॅमेऱ्याला स्वच्छ काच लागते आणि ती फक्त वायपर फिरतो त्या पट्ट्यात मिळते. चालकाच्या डोळ्यांनाही तोच पट्टा हवा असतो. कोरड्या दिवशी फोन कोपऱ्यात सरकवता येतो, पण मुसळधार पावसात कोपऱ्यातून नुसते ओघळ दिसतात, म्हणून तो हळूहळू मध्यावर येतो. यातून निघायची वाट आरशामागे आहे. आतल्या आरशाच्या मागचा, काचेच्या वरच्या कडेजवळचा भाग चालकाला तसाही दिसत नाही, आणि बहुतेक गाड्यांत वायपर तिथपर्यंत पोहोचतो. छोटा डॅशकॅम बसवायला ही जागा उत्तम.

आता कायदा. खासगी गाडीत डॅशकॅम बसवायला आपल्या केंद्रीय नियमांत बंदी नाही. पण २०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार, गाडीतल्या माणसांमुळे किंवा सामानामुळे आपल्या पाहण्याला अडथळा होणार नाही याची जबाबदारी चालकाचीच आहे. गाडी चालवताना व्हिडिओ पाहायलाही हे विनियम मनाई करतात. फोन हातात धरून वापरणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहनचालनात, मोडते. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून चालकाला फोनचा वापर फक्त रस्ता शोधण्यासाठी करता येतो, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. घाटातल्या पावसाचा व्हिडिओ या सवलतीत बसत नाही.

काही ठिकाणी कायदा याहून काटेकोर आहे. कॅलिफोर्नियात असे उपकरण काचेच्या कोणत्या कोपऱ्यात किती इंचांच्या चौकोनात लावता येईल, हे कायद्यातच लिहिले आहे. चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात पाच इंच, समोरच्या खालच्या कोपऱ्यात सात इंच, वर मध्यभागी पाच इंच. आपल्याकडेही अशी मापे असती तर होल्डर विकणाऱ्यांनाही शिस्त लागली असती.

अमेरिकेत वादळांचा पाठलाग करणाऱ्यांची मोठी जमात आहे. काचेवर दोन-तीन कॅमेरे, मांडीवर रडारचे चित्र आणि वर थेट प्रक्षेपण, असा त्यांचा थाट. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो इथे चक्रीवादळाने टिम समारस या नावाजलेल्या संशोधकाचा त्याच्या मुलासह आणि सहकाऱ्यासह बळी घेतला. ती घटना जगभर गाजली. पण २८ मार्च २०१७ रोजी टेक्सासात तिघा पाठलाग्यांचा जीव गेला तो वादळाने नव्हे. एक गाडी थांब्याची पाटी ओलांडून चौकात शिरली आणि दुसऱ्या पाठलाग्याच्या गाडीवर आदळली. धडकणाऱ्या गाडीतून थेट प्रक्षेपण चालू होते. २९ एप्रिल २०२२ रोजी हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी वादळ पाहून परतत होते. पावसात त्यांची गाडी महामार्गावर साचलेल्या पाण्यावरून घसरली आणि तिघेही दगावले.

फोनवरून नजर हटली तरी लक्ष लगेच हटत नाही, हीदेखील अडचण आहे. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. चौकट नीट आली का, हे बघायला दोन सेकंद खर्चले की २२ मीटर गेले. त्यात एरवीचे अंतर मिळवा. समोरचे दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरले तर १७ मीटर, आणि ओल्या सपाट रस्त्यावर गाडी थांबायला आणखी १५-१६. उतारावर त्याहून जास्त. टायगर पॉइंटच्या धुक्यात अनेकदा तीस मीटरपुढचे दिसत नाही. म्हणजे नजर रस्त्यावर असूनही ताशी ४० हा वेग तिथे जास्तच आहे. ताशी ३० ला २१-२२ मीटरांत गाडी थांबते. (धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी हाकणाऱ्यांना एक विनंती : मग तुम्ही वळणार कधी, हे मागच्याला कसे कळावे?)

होल्डर डॅशबोर्डवर चिकटवणाऱ्यांनी डाव्या बाजूची एअरबॅग कुठून उघडते, हेही पाहावे. तिच्या झाकणावर ठेवलेला फोन पापणी लवायच्या आत शेजारी बसलेल्याच्या चेहऱ्यावर येऊ शकतो.

पाऊस बघायला आलेल्यांचे काय होऊ शकते, ते मावळाने पाहिले आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर धबधबे आणि धरणांच्या परिसरात मनाई आदेश निघाले, धोक्याच्या जागी सेल्फी आणि रील काढण्यावरही बंदी आली. पाण्याच्या काठावर फोनकडे आता कुणीतरी लक्ष देते. तिथवर नेणाऱ्या गाडीतला फोन मात्र तसाच राहिला.

खरे तर लोणावळ्यात पावसाचा पाठलाग करायची गरजच नाही. अमेरिकेच्या मैदानात वादळ स्वतः धावते, तेव्हा बघणाऱ्यालाही धावावे लागते. सह्याद्रीचे तसे नाही. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा कोकण ओलांडून डोंगरकड्याला भिडते, वर चढते, थंड होते आणि तिथेच बरसते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. ढग कड्यावर ठाण मांडून असतो आणि मागून नवे येत राहतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेही या ढगांच्या अभ्यासासाठी महाबळेश्वरला प्रयोगशाळा थाटली आणि ढग खिडकीशी येण्याची वाट पाहिली. तेव्हा वाहनतळावर गाडी लावा, इंजिन बंद करा आणि हवे तितके चित्रीकरण करा. द्रुतगती मार्गावर किंवा घाटातल्या वळणावर मात्र थांबू नका. तिथे थांबणे नियमबाह्य आहे आणि धुक्यात मागून येणाऱ्याला तुमची गाडी उशिरा दिसते.

कॅमेरा चालत्या गाडीत लावायचाच असेल तर निघण्याआधी सोसायटीच्या आवारात एकदा तपासून घ्या. चालकाच्या जागेवर नेहमीसारखे बसा आणि घरातल्या कुणाला तरी गाडीपुढे वीस पावलांवर डावीकडून उजवीकडे सावकाश चालायला सांगा. मान हलवू नका. चालणारा माणूस एखाद्या ठिकाणी पूर्ण नाहीसा झाला, तर होल्डर तिथून काढा, आरशामागे सरकवा आणि त्याला पुन्हा एकदा चालायला लावा.